पाकिटावरची मराठी : एका घरगुती उद्योगाची शैलीपुस्तिका

‘सर, शुद्धलेखन तेवढं बघून द्या,’ असे म्हणत तीन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने माझ्या टेबलावर अकरा पाकिटे ठेवली. थालीपीठ भाजणी, चकली भाजणी, अनारसे पीठ, मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी, पापड, कुरडया अशी ती पाकिटे होती. इंदुरात तिची आई आणि काकू वीस-बावीस वर्षांपासून हा घरगुती उद्योग चालवतात. हाताखाली सहा बायका आहेत. दिवाळीच्या आधीचे दोन महिने त्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पूर्वी गिऱ्हाईक ओळखीचे होते आणि जवळजवळ सगळे मराठी होते. आता माल दुकानांत जातो, प्रदर्शनांत जातो आणि घेणाऱ्यांत हिंदी बोलणारे निम्म्याहून अधिक आहेत. म्हणून पाकिटावर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी असा मजकूर छापायचे ठरले होते.

मी लाल पेन काढून ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, दोन विसर्ग काढले आणि एक अनुस्वार घातला. अर्ध्या तासात अकरा पाकिटे परत केली. या लेखाचे मूळ त्या अर्ध्या तासात आहे, आणि त्यात माझी चूक आहे, म्हणून ती आधी सांगतो.

लसणाच्या चटणीच्या मराठी बाजूवर घटकांत ‘दाण्याचे कूट’ असे लिहिले होते. ते बरोबर होते. हिंदी बाजूवर ‘दाने का कूट’ असे होते. ‘दाने’ शब्दाचे लेखन शुद्ध, ‘कूट’चा ऊ दीर्घ, मी पुढे गेलो. पाकिटे छापून आली आणि महिन्याभराने काकूंना एक फोन आला. बाई हिंदी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, अंगावर सूज येते, एकदा दवाखान्यात न्यावे लागले होते. त्यांनी विचारले, ‘ये दाने किसके हैं?’ त्यांनी विचारले म्हणून बरे. आपल्या घरात ‘दाणे’ म्हटले की शेंगदाणेच; हिंदीत ‘दाना’ म्हणजे कोणताही कण, धान्याचा असो वा डाळिंबाचा. तिथे ‘मूंगफली’ हाच शब्द हवा होता. अन्नपदार्थांच्या लेबलविषयीच्या २०२० च्या नियमांत ज्या घटकांची ॲलर्जी संभवते त्यांची यादी आहे, तीत शेंगदाणा आहे आणि तो वेगळा जाहीर करणे आवश्यक आहे. मी अक्षरे तपासली होती, अर्थ तपासला नव्हता. बत्तीस वर्षे भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे लागायला हवे तसे लागले.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, आता एकेक पाकीट तपासण्यात अर्थ नाही, आपण एक पुस्तिका करू. ज्याला व्यवसायाच्या जगात स्टाइल गाइड म्हणतात ती. नाव कसे लिहायचे, रंग कोणता, अक्षर कोणते, कोणत्या वस्तूला कोणत्या भाषेत काय म्हणायचे, गिऱ्हाइकाशी कसे बोलायचे, हे सगळे एका जागी. मोठ्या कंपन्या त्यासाठी संस्था नेमतात. सहा बायकांच्या उद्योगाला ते परवडत नाही, पण गरज त्यांनाच जास्त असते. मोठ्या कंपनीत एक विभाग लक्ष ठेवायला असतो. इथे लेबल एक छापखाना छापतो, खोके दुसरा, फ्लेक्स तिसरा, आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश घरातला जो मोकळा असेल तो लिहितो.

आपल्या वाचकांना हा विषय साहित्याच्या वार्षिकात परका वाटू शकतो. तसा तो नाही. शिवकाळातला राज्यव्यवहारकोश हा कारभारात कोणत्या फारसी शब्दाऐवजी कोणता संस्कृत शब्द वापरायचा हे ठरवणारा ग्रंथच होता. बडोदे संस्थानाने १९३१ साली ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला, तो एकाच राज्यात अनेक भाषा नांदतात तेव्हा कचेरीतल्या शब्दांचा मेळ कसा घालायचा याच अडचणीतून. आणि कारखानदारीचे म्हणाल तर १९२० साली सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ हे आधी एका उद्योगाचे पत्र होते. मराठीतले एक मोठे मासिक पुढे त्यातून निघाले. आमची पुस्तिका चौदा पानांची आहे. तिला या मांडीला मांडी लावून बसवण्याचा विचार नाही, पण कूळ तेच.

सुरुवात कशी केली ते सांगतो, कारण ज्यांना करायचे असेल त्यांना तेवढेच उपयोगी पडेल. घरातल्या मोठ्या सतरंजीवर आम्ही उद्योगाच्या नावाची प्रत्येक वस्तू मांडली: पाकिटे, खोकी, बिलबुक, दारावरची पाटी, प्रदर्शनाचा फ्लेक्स, शिक्का, बँकेचे पासबुक, परवान्याची प्रत, आणि फोनमधले जुने संदेश छापून काढलेले कागद. मग नुसते पाहत बसलो. उद्योगाचे नाव मी इथे देत नाही. ते आजीच्या माहेरच्या नावावरून आहे, त्यात एक ‘ळ’ आहे आणि शेवटी दीर्घ ‘ई’ आहे, एवढे पुरे. ते नाव सतरंजीवर पाच प्रकारे लिहिलेले सापडले. दोन ठिकाणी ‘ळ’ होता, बाकी ठिकाणी ‘ल’; एका खोक्यावर शेवटची वेलांटी पहिली होती. रोमन लिपीत तर ‘ळ’साठी कुठे ‘एल’, कुठे दोन ‘एल’. बँकेत एक, बिलावर दुसरे. त्यामुळे एका दुकानदाराचे पैसे एकदा परत गेले होते, ते काकूंना तेव्हा आठवले.

‘ळ’ची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. बडोद्याच्या मराठी माणसाला हा त्रास होत नाही, कारण गुजरातीत ‘ळ’ आहे. बेळगावात कन्नडमध्ये आहे, हैदराबादेत तेलुगूत आहे. लिपी बदलली तरी अक्षर जागेवर राहते. गोव्यात कोकणी आणि मराठी दोघींनाही तो आपलाच. आम्ही इंदूर-ग्वाल्हेरकडचे लोक मात्र अशा छापखान्यांच्या हाती आहोत जिथे लिपी आपलीच आणि ‘ळ’ तेवढा परका. गंमत अशी की माळवीत तो उच्चार आहे. आसपासच्या खेड्यातला शेतकरी तो सहज म्हणतो, शहरातला टंकलेखक तो लिहीत नाही. आम्ही ठरवले की नावात ‘ळ’ राहील, मराठी बाजूवर आणि हिंदी बाजूवरही. विशेषनाम आहे, त्याचे भाषांतर होत नाही. रोमन लेखन बँकेत आणि परवान्यावर आहे तेच सगळीकडे. बोधचिन्हाची नोंदणी करायची झाली तर त्याच लेखनाने. पुस्तिकेचे पहिले पान एवढ्यावरच संपते, आणि माझ्या मते ते सर्वांत महत्त्वाचे पान आहे.

अक्षरवळणाचा प्रश्न त्याहून किचकट निघाला. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले. हिंदीत दंड असलेला ‘ल’ चालतो. युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’चा सांकेतांक एकच आहे, वळण दाखवण्याचे काम फॉन्टचे. काही फॉन्टमध्ये, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरीत, दोन्ही वळणे आत असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली तरच मराठी वळण दिसते. आमच्या मुलीने हे करून दाखवले तेव्हा मी खुर्चीतून उठून पाहिले. आमच्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत अजून कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात; त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे विस्कटतात. म्हणून पुस्तिकेत नियम केला : मजकूर आम्ही युनिकोडमध्ये टाइप करून, तपासून देऊ, छापखान्याने पुन्हा टाइप करायचा नाही. छपाईपूर्वी कागदावरचा नमुना दोघींपैकी एकीने सही करून परत द्यायचा. या एका ओळीने निम्म्या चुका थांबल्या.

उरलेल्या निम्म्यांपैकी एक मला फार प्रिय आहे. लग्नकार्याची कंत्राटे घेणाऱ्या आचाऱ्यांसाठी पाच किलोची पाकिटे काढली होती. त्यावर ‘आचाऱ्यांसाठी खास’ असे छापायचे होते. छापखान्यात अर्धा ‘ऱ’ नव्हता, त्यांनी रफार दिला, आणि पाकिटे ‘आचार्यांसाठी खास’ होऊन आली. शाळेत हे उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकात असते, मुले हसतात आणि विसरतात. मी आचार्य असल्यामुळे त्यातले एक पाकीट मला भेट मिळाले. आता पुस्तिकेत ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’चे छापील नमुने चिकटवलेले आहेत, शेजारी ‘ॲ’चा. हे ‘ॲ’ अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधीच्या फॉन्टांत ते सापडेलच असे नाही. मराठी बाजूवर ‘ॲलर्जी’, हिंदी बाजूवर ‘एलर्जी’. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

रंगांबद्दल फार सांगत नाही. दोन ठरवले, कुंकवाचा लाल आणि हळदीचा पिवळा, आणि त्यांची छपाईची टक्केवारी लिहून ठेवली, म्हणजे ‘गेल्या वेळेसारखा लाल’ असे सांगावे लागत नाही. देवनागरीबाबत मात्र दोन सूचना कुठल्याही इंग्रजी पुस्तिकेत सापडणार नाहीत म्हणून नोंदवतो. रोमन अक्षरांत अंतर वाढवून नाव ऐटदार करतात; देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. आणि ओळींमधले अंतर कमी केले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. घटकांची यादी बारीक अक्षरांत असते, तिथे जाड ठसा घेतला तर ‘थ’ आणि ‘घ’ यांच्या पोटातली जागा भरून जाते आणि दोन्ही सारखेच दिसतात. साधा ठसा घ्यावा, अक्षर अर्धा अंश मोठे घ्यावे.

आता शब्दांकडे वळतो, कारण आठ पाने त्यांनीच व्यापली आहेत.

कायदा असा आहे की पाकिटबंद अन्नपदार्थांवरची बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. त्याशिवाय दुसरी कोणतीही भाषा वापरायला मोकळीक आहे. म्हणजे आमच्यासारख्यांच्या पाकिटावर मराठी ही हौसेची भाषा आहे आणि हिंदी जबाबदारीची. वजनमाप कायद्याप्रमाणे अंकही आंतरराष्ट्रीय रूपातले लागतात, म्हणून वजन आणि किंमत त्या अंकांत आणि दिवाळीच्या शुभेच्छापत्रात मराठी अंक, अशी विभागणी केली. हौसेची भाषा नीट असावी याची मला काळजी होती. जबाबदारीची भाषा नीट असणे किती गरजेचे आहे हे त्या फोनने शिकवले.

दोन भाषांची लिपी एक असली की शब्द सारखे दिसतात आणि माणूस बेसावध होतो. काही नमुने देतो. ‘अनारसे पीठ’चे हिंदीत ‘अनारसे का पीठ’ केले होते. हिंदीत पीठ म्हणजे पाठ. तिथे ‘आटा’ हवा. पापडाच्या पाकिटावर मराठीत ‘मीठ’ होते, हिंदी बाजू लावणाऱ्याला ती छपाईची चूक वाटली आणि त्याने काना जोडून ‘मीठा’ केले. खाऱ्या पापडात मिठाई आली. ‘गोडा मसाला’चे कोणीतरी सरळ ‘मीठा मसाला’ केले होते. दुकानातल्या हिंदी गिऱ्हाइकाने तो पानात घालायचा का असे विचारले. गोडा मसाला हे नाव आहे, ते तसेच ठेवले आणि खाली हिंदीत एक ओळ घातली की हा दाल-सब्जीत घालायचा भाजलेला मसाला आहे. ‘चटणी’ आणि ‘चटनी’ एकच शब्द, पण हिंदी घरात चटणी म्हटली की ओली; एका बाईंनी आमच्या कोरड्या चटणीत पाणी घालून ती वाटली. म्हणून ‘लहसुन की सूखी चटनी’. ‘तिखट’ हा मराठीत चवीचा शब्द आहे आणि मिरचीच्या पुडीचाही. हिंदीत पहिल्यासाठी ‘तीखा’, दुसऱ्यासाठी ‘लाल मिर्च पाउडर’. धन्यांचे उलटे आहे. मराठीत कोथिंबीर वेगळी, धने वेगळे. हिंदीत दोन्ही ‘धनिया’, म्हणून मसाल्याच्या यादीत ‘साबुत धनिया’.

आणि ‘खाली’. ‘डबा खाली झाल्यावर’ असे एका मराठी संदेशात काकूंच्या मुलाने लिहिले होते. मी त्याला म्हटले, मराठीत डबा रिकामा होतो, खाली पडतो. तो म्हणाला, ‘आमच्याकडे दोन्ही होतं, सर.’

त्याच्या या उत्तराने मला अडवले. त्याआधी क्रियापदांचा एक प्रकार सांगतो, कारण त्यात मी विद्यार्थी होतो. पाकिटामागे कृती छापतात. मराठीत ‘भाजणे’, ‘परतणे’, ‘तळणे’, ‘उकडणे’, ‘शिजवणे’ या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदीत कोरडे भाजणे आणि तेलावर परतणे या दोन्हींना ‘भूनना’ म्हणतात. त्यामुळे हिंदी कृतीत नुसते ‘भूनें’ लिहिले की काही जण तेल घालतात, आणि मग ‘तुमची भाजणी तेलकट होते’ अशी तक्रार येते. पुस्तिकेत आता ‘बिना तेल के भूनें’ आणि ‘थोड़े तेल में भूनें’ असे दोन पूर्ण वाक्प्रयोग आहेत. हे मला काकूंनी सांगितले. माझा प्रबंध एकनाथांच्या भारुडांवर आहे; भाजणे आणि परतणे यांतला फरक मला तोवर कळण्याची वेळ आली नव्हती.

तर बोलीचा प्रश्न. माहितीपत्रकाचा मजकूर मी लिहून दिला होता. ‘आमची सर्व उत्पादने पारंपरिक पद्धतीने निर्मित असून ग्राहकांच्या आरोग्याची सर्वतोपरी काळजी घेण्यात येते.’ काकूंनी तो दोनदा वाचला आणि विचारले, ‘हे कोण म्हणतंय?’ मला प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे बोलणारं माणूस कोण आहे? मी तर असं बोलत नाही. आणि काळजी घेण्यात येते म्हणजे कोण घेतं? आम्ही घेतो ना?’ वाङ्मयीन निवेदकावर मी वर्षानुवर्षे व्याख्याने देतो. हा प्रश्न इतक्या थेट मला कुणी विचारला नव्हता.

मग मी कागद बाजूला ठेवला आणि त्या गिऱ्हाइकांशी फोनवर काय बोलतात ते दोन दुपारी ऐकत बसलो. ‘पापड हवेत मऊ पडले तर तव्यावर जरा शेकून घ्या.’ ‘भाजणी ताजी आहे, पण पावसाळ्यात महिन्याच्या वर ठेवू नका.’ ‘कुरडया या वर्षी कमी आहेत, उन्हंच नीट पडली नाहीत.’ यात ‘शेकून’वर माझा हात अडला. पापड भाजतात, असे मी म्हणालो. काकू म्हणाल्या, ‘भाजतात पुण्यात. आमच्या सासूबाई शेकायच्या, त्यांच्या सासूबाईही शेकायच्या.’ ‘शेकणे’ हा शब्द मराठीच आहे. अंग शेकतो, हात शेकतो. पापडाला तो लावण्यात शेजारच्या ‘सेंकना’चा हात असेल, नसेल. पण चार पिढ्या एका घरात बोललेला शब्द मी कोणत्या अधिकाराने काढायचा? दोन दिवस आम्ही भांडलो म्हणायला हरकत नाही. मी १९६२ च्या लेखनविषयक नियमांचा दाखला दिला. विद्यार्थिनीने शांतपणे दाखवून दिले की ते नियम लेखनाचे आहेत, कोणता शब्द वापरावा याचे नाहीत.

शेवटी आम्ही दोन थर केले. घटक, वापराच्या सूचना, साठवण, इशारे हे सगळे प्रमाण मराठीत, जिथे कोल्हापूरच्या किंवा मडगावच्या वाचकालाही शंका राहता कामा नये. तिथे ‘रिकामा’ आणि ‘भाजणे’. माहितीपत्रक, संदेश, शुभेच्छापत्र यांत घरची भाषा, तिथे ‘शेकून’ राहील. दोन्ही थरांना लेखनाचे नियम मात्र सारखेच. हा उपाय अपुरा आहे असे मला अजून वाटते. कधीकधी सूचना आणि संदेश यांची सीमा कुठे हे ठरत नाही. पण निदान कोण बोलते आहे हे ठरले. पुस्तिकेत त्या पानावर एक ओळ आहे : ‘काकू फोनवर म्हणणार नाहीत असं वाक्य पत्रकात नको.’

‘आपण’ की ‘तुम्ही’ यावरही बोलणे झाले. हिंदीत ‘आप’ निर्विवाद. मराठीत ‘आपण’ आदराचा, पण त्यात आम्ही-तुम्ही दोघेही मावतात. ‘आपण पैसे आधी द्यावेत’ या वाक्यात पैसे कोणी द्यायचे याचा घोळ होऊ शकतो. ‘तुम्ही’ घेतले. आज्ञार्थ ‘करा’, ‘ठेवा’. ‘करावे’, ‘ठेवावे’ बाद. हिंदीत ‘करें’, ‘रखें’. ‘करो’ कुठेही नाही.

लेखनाच्या पानावर मी माझी हौस भागवून घेतली, पण तिथेही सामान्य नियम न लिहिता त्यांच्याच शब्दांची रूपे लिहिली. पाकीट, पाकिटे, पाकिटात. पीठ, पिठाचे. तीळ, तिळाचे. मीठ, मिठाचा. दूध, दुधात. उपान्त्य दीर्घ स्वर प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो, हा नियम कुणाला पाठ असण्याची गरज नाही. रूपे डोळ्यांसमोर असली की पुरते. हिंदीत शब्दाचे अंग असे बदलत नाही, त्यामुळे हिंदी टंकलेखक ‘पीठाचे’ हेच शुद्ध समजतो. संगणकावर एका शब्दाऐवजी दुसरा एकदम बदलण्याची सोय असते, तिने तर एका रात्रीत सगळ्या ‘पिठा’ची ‘पीठा’ केली होती. लसणाचे वेगळे. मी ‘लसणाची’ म्हणत होतो, घरात ‘लसूणची’ म्हणतात. विद्यार्थिनीने तोडगा काढला : पाकिटावर ‘लसूण चटणी’. समास केला की प्रत्ययच नाही. व्याकरणाचा असा व्यावहारिक उपयोग मी वर्गात शिकवायला हवा होता.

शेव आणि सेव यांचे काय, असे इंदूरकर विचारतीलच. या शहरात ‘सेव’ला हात लावायची माझी हिंमत नाही. मराठी बाजूवर ‘शेव’, हिंदी बाजूवर ‘सेव’, आणि ‘रतलामी सेव’ या नावात दोन्ही बाजूंवर ‘सेव’, कारण ते नाव रतलामचे आहे, आपले नाही.

घटकांची यादी मात्र सगळ्यांत कडक ठेवली. वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने, हे कायद्यातच आहे. प्रत्येक घटकाचे मराठी आणि हिंदी नाव एकदाच ठरले आणि तक्त्यात बसले : मोहरी-राई, ओवा-अजवाइन, बडीशेप-सौंफ, तमालपत्र-तेजपत्ता, दगडफूल-पत्थरफूल, सुके खोबरे-सूखा नारियल. शेंगदाणे-मूंगफली ही ओळ लाल चौकटीत आहे. मराठीतही ‘दाणे’ नाही, ‘शेंगदाणे’च. घरच्या भाषेच्या थरातही ही सूट नाही. संदेशात, पत्रकात, फोनवर, कुठेही. प्रत्येक घटकाच्या भाषांतरासाठी आम्ही एक रीत घातली. हिंदी बाजू तयार झाली की ती मराठी न येणाऱ्या शेजारणीला वाचायला द्यायची आणि ‘यात काय काय आहे?’ असे विचारायचे. तिने जे सांगितले ते मूळ यादीशी ताडून पाहायचे. त्या शेजारणीने पहिल्याच दिवशी ‘कूट’ म्हणजे काय असे विचारले. आम्ही ‘पिसी हुई मूंगफली’ केले.

गेल्या वर्षीपासून तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी व्यावहारिक मराठीच्या तासाला हेच काम देतो. वर्गात सात मुले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातले एक लहान दुकान किंवा उद्योग घ्यायचा, त्याची सगळी कागदपत्रे, पाट्या, पाकिटे समोर मांडायची, आणि दहा पानांची पुस्तिका मालकाबरोबर बसून करायची. मालकाने नाकारलेला प्रत्येक शब्द कारणासह लिहायचा, ही अट आहे. उत्तरपत्रिकेपेक्षा हे तपासायला वेळ लागतो. एका मुलाने शिंप्याच्या दुकानातून चाळीस शब्द आणले, त्यांतले कितीतरी मला ठाऊक नव्हते.

आमच्या पुस्तिकेच्या शेवटी तीन पाने कोरी ठेवली होती, नवे निर्णय तारखेसह लिहायला. परवा गेलो तेव्हा ती उघडून पाहिली. बहुतेक नोंदी विद्यार्थिनीच्या अक्षरातल्या. शेवटची काकूंच्या हातची होती, पेन्सिलीने. मेतकुटाला हिंदीत शब्द नाही, ‘दाल का मसाला’ म्हटले की लोक आमटीत घालतात, म्हणून नाव ‘मेतकूट’च, आणि खाली : ‘गरम चावल और घी के साथ. बुखार के बाद भी अच्छा.’ त्यापुढे कंसात मला विचारले होते की ‘बुखार’ लिहिले तर औषधाचा दावा केल्यासारखे होईल का. मी ती दुसरी ओळ खोडायला सांगितली. त्यांनी खोडली, आणि म्हणाल्या की फोनवर मात्र सांगणार.